डावीकडचा उंचवटा

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण मोठ्या संशोधकांच्या कच्च्या नोंदी पुढे लोक शोधत बसतात, त्यांचा त्रास वाचावा.
विषय: पृष्ठभागावर कण पडत गेले की थर कसा वाढतो आणि खडबडीत का होतो. माझे कण कंप्युटरमध्ये पडतात. पीएचडीचं हे आठवं वर्ष. थर सावकाशच चढतो.
संकल्प: एक, पहाटे पाचला उठणे. दोन, दिवसाला चहा दोनच कप. तीन, २४ तारखेला समितीसमोर बाजी मारणे.
बायकोची बदली झाली आहे. माझ्यापायी तिनं ती दोनदा पुढे ढकलली. आता तिसऱ्यांदा साहेबांपुढे तोंड घेऊन जाणार नाही म्हणाली. समितीनं हो म्हटलं तर प्रबंध देऊन दोघं जायचं, नाहीतर ३० तारखेला ती एकटी जाणार. मी म्हणालो, दोन तिकिटं काढ. तिनं एकच काढलं. दुसरं नंतरही मिळतं म्हणे.

४ मार्च, पावणेदहा
उठलो. पाचचा गजर वाजला होता असं बायकोचं म्हणणं आहे.
घर सोडताना भिंती गुळगुळीत करून द्यायच्या, असं घरमालकाशी ठरलंय. बायको म्हणाली, आधी खरवड, खिळे उपट, मग पुट्टी. मला हसू आलं. थर कसे चढतात हे मला शिकवते. माझ्या मॉडेलमध्ये कण पडला की शेजारच्या खड्ड्यात घरंगळतो. म्हणजे थरावर थर दिले की भिंत आपोआप सपाट. खरवडणं हा वेळेचा अपव्यय.

९ मार्च
खळबळजनक. कंप्युटरवर मॉडेल हजार वेळा चालवून झालं. हजारही ग्राफ हुबेहूब. चूक शून्य. इतरांना चूक काही केल्या घालवता आली नव्हती. बिचारे.
शिवाय प्रत्येक ग्राफमध्ये डावीकडे एक छोटा उंचवटा. त्याच जागी, तेवढाच. यालाच निसर्गनियम म्हणतात. नाव माझंच द्यावं लागेल, इलाज नाही.
चहा सहा कप. आनंदाचे धरत नाहीत.

११ मार्च
लॅबमधल्या प्रयोगवालीकडे गेलो. ती हवा काढलेल्या पेटीत काचेवर धातूची वाफ बसवते आणि तो थर मायक्रोस्कोपखाली बघते. तिला म्हटलं, डावीकडे उंचवटा शोध. तिनं विचारलं, कशाच्या डावीकडे, काच गोल आहे. प्रयोगवाल्यांना सिद्धांताचं अंगच नसतं. तरी तिनं डझनभर काचा पाहिल्या. उंचवटा नाही. तुझं यंत्र दुरुस्तीला टाक, असं मी समजुतीनं सांगितलं. तिनं दार फार जोरात लावलं. दारही दुरुस्तीला हवं.

१४ मार्च
दर्शन झालं. बाहेरच्या खोलीत पुट्टीचा तिसरा हात दिला आणि भिंतीवर डावीकडे, दाराजवळ, उंचवटा. बोटाला लागतो. बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, इथला किल्ल्या अडकवायचा खिळा कुठे गेला? मी नियम दाखवतोय आणि हिला खिळा हवाय.

१८ मार्च
सरांना ग्राफ दाखवले. सर म्हणाले, हजार वेळा तंतोतंत एकच? म्हटलं, हो सर. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. भारावले असावेत. मग म्हणाले, तुझे फासे एकदा तपास. मी फासे कुठे वापरतो, कंप्युटर वापरतो. सरांचंही वय झालं.
भिंतीला आठवा हात. आधी पोपडे होते, आता टेकड्या आहेत. सपाटी नवव्यात येईल.

२१ मार्च
बायको सामान भरतेय. माझी बॅग रिकामी. २४ नंतर भरेन म्हटलं. ती हातातलं काम ठेवून म्हणाली, अरे, जेवढं जमलंय तेवढंच सांग त्यांना. नसेल जमलं तर तेही सांग, चालेल मला.
राग आला नाही. भीती वाटली.
वरची ओळ नंतर खोडणे.

२४ मार्च, दुपार
बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एकच प्रश्न विचारला. कण कुठे पडणार हे ठरवणाऱ्या रँडम आकड्यांची सुरुवात दर वेळी कुठून करता? म्हटलं, एकाच ठरलेल्या आकड्यापासून, शिस्त म्हणून. प्रयोगवालीनं मान खाली घातली, खांदे हलत होते.
बाईंनी सुरुवातीचा आकडा तिथल्या तिथे बदलायला लावला. उंचवटा गेला. पुन्हा बदलला. उजवीकडे आला. पुन्हा. दोन आले.
म्हणजे मी हजार वेळा फासे टाकलेच नव्हते. एकदा टाकले आणि तेच दान हजार वेळा वाचत बसलो. शून्य चूक ती ही.
विषय चांगला आहे, आणखी सहा महिने घ्या, असं बाई म्हणाल्या. निघताना प्रयोगवालीनं विचारलं, यंत्र परत आणू का दुरुस्तीहून.

२५ मार्च
बायकोला सांगायचे तीन मसुदे तयार केले होते. तिनं विचारलंच नाही. समोर चहा ठेवला आणि बॅगेची चेन लावली.

३० मार्च, संध्याकाळ
तिला गाडीत बसवून आलो. खिडकीतून म्हणाली, नीट मुळापासून खरवड आणि मग ये, वरून थर देत बसू नकोस. भिंतीबद्दल म्हणाली असावी.
तिची किल्ली तिनं माझ्या हातात दिली. घरी आल्यावर ती ठेवायला जागा सापडेना. पुट्टीचा पत्रा घेऊन दाराजवळचा उंचवटा खरवडायला बसलो. नऊ हातांच्या खाली खिळा निघाला. वाकडा, गंजका, होता तिथेच. त्यावर तिची किल्ली अडकवली, शेजारी माझी.
सवयीनं दोन कप चहा केला. दोन्ही मीच प्यालो. संकल्प क्रमांक दोन आज पाळला गेला.