एका चुलीमागे एक घर

॥ श्री ॥

आनेकल,
१७ जुलै १९५८

चि. विद्याधर यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

आधी सगळ्यांची खुशाली कळव, बाकीचं मागून. तुझा खोकला गेला की अजून रात्री उठून बसतोस? प्रेमाची कंबर कशी आहे? बाळंतपणानंतर तिने वाकून पाणी ओढायचं नाही, हे तुला सांगते, कारण तिला सांगून ती ऐकणार नाही. उमाकांतला दात आले का? तुला वर्षापर्यंत नव्हते, तेव्हा घाबरू नका. प्रेमाच्या आई आल्या आहेत ना, त्यांचा डोळा कसा आहे? इकडे तुझे भावजी सकाळी गुडघा धरून बसतात आणि गुडघा सोडला की मला धरतात. मी ठणठणीत. मला आजारी पडायला कोणी रजा देत नाही.

तू गृहनिर्माण खात्यात धोरण अधिकारी झालास हे आख्ख्या पेठेला कळलं आहे आणि समजलं मात्र कोणालाच नाही. पोस्टमास्तर विचारत होते, विद्याधररावांकडून मंगलोरी कौलं स्वस्तात मिळतील का. शेजारच्या पद्मावतीबाईंना वाटतं तू गवंड्यांवर मुकादम आहेस. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, वाण्याच्या पुड्यांवर अक्षरं लावत वाचायला शिकले, तेव्हा मला कळेल अशा बेताने लिही. तू घरं बांधत नाहीस, मग दिवसभर करतोस काय? आणि या नोकरीला पुढे काय आहे? भावजी म्हणतात, नोकरी आणि लोणचं मुरल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक. आपली सोयराबाई आठवते ना, आपल्याकडे धुण्याभांड्याला होती? आई गेली तेव्हा मी चौदाची आणि तू दोनाचा. मी चूल बघायची आणि ती तुला कडेवर घेऊन फिरायची. नवरा गेल्यावर ती बंगळुराला गिरणीत लागली. गिरणीमागच्या झोपड्यांत राहते. जमलं तर एकदा डोकावून ये. म्हातारीला बरं वाटेल.

पत्र धाड. न धाडलंस तर मी स्वतः येईन, मग प्रेमाला दोन माणसांची काळजी घ्यावी लागेल.

तुझी
वसुमतीअक्का

*

बंगळूर,
९ ऑगस्ट १९५८

ती. अक्का यांस, सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. खोकला गेला. उमाकांतला खालचे दोन दात आले असून त्यांचा पहिला प्रयोग माझ्या चष्म्याच्या काडीवर झाला. प्रेमाच्या आईंना आता पंचांग वाचता येते, त्यामुळे घरात कोणालाच काही सुरू करता येत नाही.

माझे काम सांगतो. गिरण्या वाढल्या, कारखाने आले, तशी माणसे आली, आणि राहायला जागा नाही. सरकार घरे बांधणार, पण कोणासाठी, किती, कोणत्या अटीवर, हे आधी कोणीतरी ठरवावे लागते. ते लिहून काढणारा मी. भावजींना सांगा, या कामाला मरण नाही. मंत्री बदलतील, साहेब बदलतील, पण शहर वाढतच राहणार आणि घरांची तूटही राहणार. येत्या दहा वर्षांत प्रत्येक राज्याला माझ्यासारखी माणसे लागतील. आमचे साहेब म्हणतात की मी पन्नाशीला दिल्लीत असेन.

आता तुम्हांला आवडेल अशी गोष्ट. झोपड्या हलवून पक्क्या खोल्या द्यायच्या तर कुटुंबे मोजायची कशी, यावर महिनाभर वाद चालला होता. झोपड्या मोजाव्यात तर लोक एका रात्रीत नव्या उभ्या करतात. नावे मोजावीत तर गावाकडचे भाऊबंदही त्यात येतात. तेव्हा मला आपले घर आठवले. काका वेगळे झाले त्या दिवशी तुम्ही म्हणाला होता की मधे भिंत घातली म्हणून घर फुटत नाही, चूल वेगळी झाली की फुटतं. मी तेच मांडले. चूल खोटी उभी करता येत नाही, तिला काजळी लागते. एका चुलीमागे एक घर. साहेब खुर्चीत ताठ झाले. अक्का, तुमचे वाक्य आता सरकारी नियम आहे. गिरणीमागच्या वस्तीपासून सुरुवात होणार आहे, म्हणजे सोयराबाईलाही पक्की खोली मिळेल.

माया आहेच, ती पत्रातून येत राहो.

आपला
विद्याधर

*

॥ श्री ॥

आनेकल,
२ डिसेंबर १९५८

चि. विद्याधर यास अनेक आशीर्वाद.

उमाकांतचं जावळ छान झालं. तू त्या दिवशी दौऱ्यावर होतास. असू दे, सरकारचं मीठ खातोस तर सरकारच्या हाकेला जावंच लागणार. प्रेमाने केलं सगळं नीट. तिला म्हणावं, चिरोटे माझ्यापेक्षा बरे झाले होते, आणि हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

येताना मी सोयराबाईकडे गेले होते. तुझ्याकडून कोणी गेलेलं नव्हतं. ती मला पाहून आधी रडली, मग भांडली, मग तिने कॉफी केली. आता मी काय पाहिलं ते नीट वाच, मधे साहेबांनी हाक मारली तरी उठू नकोस.

तिथे तीन झोपड्या पाठीला पाठ लावून आहेत. एकीत सोयराबाई, एकीत मुनियम्मा, एकीत कोलारकडची एक बाई. तिघी एकट्या, तिघी गिरणीत. एकीची पहिली पाळी, एकीची दुसरी, एकीची रात्रपाळी. सरपण महाग आणि कामावरून आल्यावर चूल फुंकायला अंगात जीव नसतो, म्हणून तिघींनी मिळून बाहेर एकच चूल मांडली आहे. जी घरी असेल ती तिघींचं रांधते. जातीचं मी विचारलं नाही. त्या चुलीनेही कधी विचारलेलं दिसत नाही.

तुझा मोजणारा माणूस आला तेव्हा मुनियम्मा चुलीपाशी होती, सोयराबाई कामावर आणि तिसरी रात्रपाळी करून झोपलेली. त्याने चूल बघितली, काजळी बघितली, मुनियम्माचं नाव लिहिलं आणि गेला. तिघींमागे एक खोली. ती खोली मुनियम्माला. मी विचारलं, तू मोजणीच्या कचेरीत जाऊन सांगितलं नाहीस का? म्हणते, तिथल्या कारकुनाने स्वल्प थांबा म्हणून बसवलं, मग पाळीचा भोंगा झाला. आणि हसून म्हणते, अक्का, कशाला घोर करता, जो माणूस माझ्या कडेवर मुतला तो मला उन्हात कसा बसवेल?

विद्या, मी ते बोलले ते आपल्या घराबद्दल. आपल्याकडे चूल वेगळी झाली तर भांडण झालं म्हणून. इथे चूल एक आहे ती दमल्यामुळे. हे घरात बसून मलाही कळलं नसतं, तर तुला कचेरीत बसून कसं कळणार? म्हणून सांगते आहे. अजून झोपड्या उभ्या आहेत. माणूस पुन्हा पाठव, आणि मोजायचंच तर रात्री अंथरुणं मोज म्हणावं. चूक झाली तर उसवून पुन्हा शिवावं, अंगरखा घालून कोणी बाहेर पडलेलं नाही अजून.

प्रेमाला आणि तिच्या आईंना नमस्कार-आशीर्वाद ज्याचे त्याला. या पत्राला उत्तर कार्डावर नको, पाकिटात हवं.

तुझी
अक्का

*

बंगळूर,
६ जानेवारी १९५९

ती. अक्का यांस, सा. न. वि. वि.

पत्र पावले. उशीर झाला याची क्षमा असावी. उमाकांतला ताप होता, आता उतरला.

सोयराबाईंविषयी लिहिलेत ते वाचून वाईट वाटले. तुमचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु अक्का, तुम्हांला तीन बायका दिसतात आणि मला सबंध शहर पाहावे लागते. खोल्यांची मंजुरी या मोजणीवर झाली आहे. मोजणी चुकली असे मीच लिहून दिले, तर सबंध योजना सचिवालयात परत जाईल आणि ज्यांना खोली मिळते आहे त्यांचीही जाईल. साहेबांशी मी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले की हा नियम आता दोन राज्यांनी मागवून घेतला आहे, तेव्हा जन्मदात्यानेच त्याला पांगळे म्हणू नये.

दुसरेही एक आहे, ते तुमच्यापासून लपवत नाही. शहराच्या पूर्वेकडच्या विस्तारासाठी वरच्या अधिकाऱ्याची नवी जागा निघते आहे. माझे नाव वर गेले आहे. या घडीला माझ्याच हातून माझा नियम खोडला गेला, तर ते नाव खाली येईल, आणि मग मला कोणासाठीच काही करता येणार नाही. मी एक टिपण लिहून ठेवले आहे की पुढच्या योजनेपासून एकट्या बायकांचा वेगळा विचार व्हावा. साहेबांनी ते उत्तम आहे असे म्हटले.

तोवर मुनियम्मा सोयराबाईंना आपल्या खोलीत ठेवून घेईलच. इतकी वर्षे एकत्र जेवल्या आहेत, त्यात अडचण येऊ नये.

तुम्ही रागावणार नाही अशी आशा करतो. माझ्यावर जीव आहे तसा राहू द्या.

आपला
विद्याधर

*

॥ श्री ॥

आनेकल,
१२ एप्रिल १९५९

चि. विद्याधर यास आशीर्वाद.

तुझा खोकला, प्रेमाची कंबर, उमाकांतचा ताप, प्रेमाच्या आईंचा डोळा, सगळं बरं असेलच. तुला नवी जागा मिळाली हे प्रेमाच्या पत्रावरून कळलं. मैसूरपाकाचा डबा पोचला. तुझ्या भावजींनी पेठेत वाटला. पोस्टमास्तरांनी दोनदा घेतला.

मधे मी दोन पत्रं लिहिली, त्यांचं उत्तर आलं नाही. तेव्हा तुला काय माहीत आहे आणि काय नाही ते मला ठाऊक नाही. सगळंच लिहिते.

गेल्या महिन्यात एका रविवारच्या बसने सोयराबाई इकडे आली. हातात एक बोचकं. झोपड्या फेब्रुवारीतच पाडल्या. कोलारची बाई भावाकडे गेली, तो ठेवील तितके दिवस. मुनियम्माने खोली मिळाल्याबरोबर सोयराबाईला हाताला धरून नेलं, तुझ्या पत्रात होतं तसंच. सिमेंटची जमीन बघून दोघी हरखल्या होत्या. महिना झाला नसेल, तपासनीस आला. दोघी एका ताटात जेवत होत्या. त्याने विचारलं, ही कोण. मुनियम्मा म्हणाली, आम्ही एका चुलीच्या, तुम्हीच तसं लिहून नेलं. तो म्हणाला, ते मोजण्यापुरतं. राहायचं तर रक्ताचं नातं लागतं, नाहीतर पोटभाडेकरू ठरते आणि खोली परत घेतली जाते. हाही नियम तुझाच ना रे? मोजताना त्या एक कुटुंब, आणि राहताना परक्या. मी हे तीनदा घोळवून पाहिलं. तुझे भावजी कायद्याची पुस्तकं वाचणारे, त्यांनाही यात दार सापडलं नाही. मला राग तुझ्या चुकीचा नाही आला. राग याचा आला की दोन्ही कागद एकाच माणसाने लिहिले आणि त्याने ते कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

तपासनिसाने तिला घाबरवायला तुझं नाव घेतलं. तर ती म्हणाली, त्याला मी कडेवर वाढवलाय. तिथे जमलेले सगळे हसले. तो म्हणाला, मग आण त्यांची चिठ्ठी.

ती चिठ्ठीसाठी तुझ्या कचेरीत गेली नाही, कारण तिथे तुझा मान जाईल असं तिला वाटलं. घरी आली. प्रेमाने तिला ओसरीवर बसवलं, कॉफी दिली, पोळी दिली आणि सांगितलं की हे दौऱ्यावर गेलेत. प्रेमाला बोल लावू नकोस, तिने सांगितलं ते तिच्या तोंडचं नव्हतं. दारात तुझे बूट होते. सोयराबाई हे मला तक्रार म्हणून सांगत नव्हती. ती उलट मलाच समजावत होती, की साहेब लोकांना बुटांचे दोन जोड असतात, एक घातला की एक घरी राहतो. मी हो म्हटलं. तू नोकरीला लागलास तेव्हाचा तुझा एकुलता जोड भावजींनी घेऊन दिला होता. दुसरा घेतला असशील तर बरंच आहे.

मी तिला इथेच राहा म्हणाले. दोन दिवस राहिली, आणि दोन्ही दिवस माझ्या हातून भांडी ओढून घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, हात चालतात तोवर दुसऱ्याच्या ताटात बसायचं नाही. तिच्या नात्यातल्या कोणी महादेवपुऱ्याच्या तळ्याकाठी तिला जागा दाखवली आहे. तिथे चार बांबू रोवून पोती टाकली आहेत, असा निरोप आला. गिरणी तिथून फार लांब पडते, म्हणून ते काम सुटलं. आता भाजीच्या मळ्यात खुरपायला जाते. या वयात वाकून. मुनियम्मा रविवारी डबा घेऊन तिला भेटायला जाते आणि आपल्या खोलीत एकटी जेवते.

तू लिहिलं होतंस, या कामाला मरण नाही, घरांची तूट राहणार म्हणजे खुर्ची राहणार. तेव्हा मी ते मोठ्या कौतुकाने भावजींना वाचून दाखवलं होतं. माझं वाचन तसंच, अक्षर लागतं पण अर्थ उशिरा लागतो. तू आज वर जाशील, उद्या दिल्लीला जाशील, पन्नाशीला मोठा होशील. आशीर्वाद माझेच आहेत, ते मागे घेता येत नाहीत. पण त्या टिपणाचं काय झालं ते मला विचारावंसं वाटत नाही. पुढच्या योजनेत एकट्या बायका मोजाल, तोवर या बायका मोजायला राहतील का, एवढं मात्र रात्री मनात येतं.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. काल भावजींनी कन्नड वर्तमानपत्र वाचून दाखवलं. पूर्वेकडच्या विस्तारात कुठकुठली गावं जाणार त्यात महादेवपुऱ्याची तळ्याकडची बाजूही आहे, आणि तो विस्तार तुझ्याच नव्या खुर्चीखाली आहे. सोयराबाईला अजून हे माहीत नाही. तिने झावळ्या जमवल्या आहेत. पाऊस तोंडावर आला, पुढच्या बाजाराच्या दिवशी ती छप्पर शाकारायला घेणार आहे. झावळ्या महाग पडतात आणि एकदा बांधल्या की सोडवून पुन्हा कामाला येत नाहीत.

म्हणून विचारते. तिने छप्पर शाकारावं की नको? एवढं एका ओळीत लिहून लवकर कळव. कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

तुझी
अक्का