माप डावीकडे होतं

ग्वाल्हेर, लष्कर
रविवार, १२ जानेवारी २०२५

चिरंजीव सीमंतिनीस,

तुझ्या ताईचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळी आपापल्या जागी ठीक आहेत, माझे गुडघे तेवढे सोडून. तुझी तबियत कशी आहे? सागरला थंडी इतकी नसेल. इथे तर दुपारी बारापर्यंत समोरचं घर दिसत नाही.

पाकिटात हलव्याचे दाणे घातलेत. शेगडीपाशी बसून मीच केले, काटे काही सगळ्यांना आले नाहीत. पत्र पोचेपर्यंत संक्रांत होऊन जाईल. असू दे.

तू म्हणशील, फोन असताना ताईला पत्र कुठून सुचलं. अगं, फोनवर मी भलतंच बोलते. परवा तुला लावला, अर्धा तास गजक कुठल्या दुकानाची खुसखुशीत यावर बोलले आणि ठेवून दिला. बोलायचं होतं ते राहिलं. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे.

विहंगचं लग्न वसंत पंचमीचं, ते तुला ठाऊकच आहे. चौतिसावं लागायच्या आत एकदाचं जमलं. नवी मुलगी हेमांगी गुणी आहे, हसते फार. निधीने बाड्याच्या बाजारातून साड्या आणल्या, त्यातल्या दोन परत केल्या, परत तिसऱ्या आणल्या. मी मध्ये पडत नाही. मोठ्या सुनेने धाकटीसाठी इतक्या हौशीने पळापळ करावी, हे बघायला मला बरं वाटतं. आपल्या दोघी जावांच्या वेळी असं झालं नाही.

खरी बातमी श्रुतीची. माझी नात, म्हणून सांगत नाही (म्हणूनच सांगते). तिच्या शाळेत मंजिरी मॅडम आल्या आहेत. शनिवारचा शेवटचा तास त्यांचा. त्याला परीक्षा नाही, नंबर नाहीत. वेळापत्रकात काही मोठं नाव आहे, मूल्यं आणि विचार असं काहीतरी. पोरं त्याला 'कशावरून का पीरियड' म्हणतात. कोणी काही सांगितलं की विचारायचं, कशावरून?

झालं. घरात कोणाची सोय राहिली नाही. शेजारचे संभाजीराव रोज सकाळी आपल्याकडे चहाला येऊन मोबाईलवरचं वाचून दाखवायचे. त्या दिवशी म्हणाले, मोज्यात कांदा ठेवून झोपलं की ताप उतरतो. श्रुती म्हणाली, "काका, जिनका नहीं उतरा, वो किसने गिने?" संभाजीराव अर्धा कप तसाच ठेवून उठले. हल्ली ते पलीकडच्या घरी वाचून दाखवतात.

आधी मला वाटलं, ही बाई मुलांना उलट बोलायला शिकवते. मग श्रुतीनेच सांगितलं की मॅडमचा तो पहिला नियम आहे, समोरचा लहान होईल असा प्रश्न विचारायचा नाही. तो नियम कळल्यावर ती स्वतःहून संभाजीरावांकडे जाऊन आली, सॉरी म्हणाली. कांद्याबद्दल नाही, सगळ्यांसमोर विचारलं त्याबद्दल. चौदा वर्षांची पोर. मला तर इतका आनंद झाला की तिला आणि संभाजीरावांना, दोघांनाही शिरा करून घातला.

आता मुद्द्यावर येते. येतेच आहे.

मॅडमनी मुलांना एक काम दिलं. घरातली अशी गोष्ट घ्यायची, जी सगळे मानतात आणि कोणी विचारत नाही. वहीत तीन कप्पे आखायचे. डोळ्यांनी काय पाहिलं, कोणी काय सांगितलं, आणि आपण काय जोडलं. मला वाटलं, श्रुती मांजर आडवं जाण्यावर लिहील. तर हिने वर लिहिलं, "सागरवाली आजी नेहमी मागच्या दाराने का येते?"

मी मटार सोलत होते. नंतर निधीने दाखवलं, दाणे मी सालांच्या ढिगात टाकत होते.

मी म्हटलं, तिला गल्लीतून जवळ पडतं. तूच तर सांगतेस तसं. पोरगी उठली आणि मोजून आली. रिक्षा थांबते तिथून पुढचं दार बावीस पावलं, मागचं एकसष्ट.

मग सांगावं लागलं. तुला काय नवीन सांगू, तुझ्याच अंगावरून गेलेलं. तू लग्न होऊन आलीस, उंबऱ्यावरचं तांदळाचं माप डाव्या पायाने लवंडलंस. नवव्या दिवशी मामंजी गेले. सासूबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, पांढऱ्या पायाची, हा पाय पुढच्या दाराने आला. दुसऱ्या दिवसापासून तू मागच्या दाराने ये-जा सुरू केलीस. पुढे भाऊजींनी सागरला बदली मागून घेतली. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली, भाऊजी गेले, हेही गेले. मागे विहंगच्या साखरपुड्याला आलीस, तेव्हाही सगळे पुढे फुलांच्या माळा लावत होते आणि तू मागे मोरीपाशी चपला काढत होतीस.

श्रुतीने कप्पे भरले. मामंजींच्या छातीत होळीपासून दुखत होतं, ते 'सांगितलं'मध्ये गेलं, कारण डॉक्टर नंतर बोलले होते. पाय आणि मरण, हे 'जोडलं'मध्ये. मग मला म्हणते, "आजी, बाबा कब हुए थे?" म्हटलं, पुढच्याच वर्षी, मार्चमध्ये. म्हणजे चार वर्षं ज्या घरात मूल नव्हतं, तिथे तू आल्यावर राघव झाला. तर म्हणे, मग तो कोणत्या पायाने आला? ते का नाही जोडलं कोणी? राघव जेवत होता, त्याला ठसका लागला. मी म्हटलं, खरंच गं, सगळं श्रेय सागरवाल्या आजीला. तर म्हणाली, नाही, तेही जोडायचं नाही. एकाला एक नियम लावायचा तर दुसऱ्यालाही तोच.

अशी हुशार. हरखून गेले मी. तिथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण तिने लग्नाचा अल्बम काढला. तो फोटो तुला आठवत असेल. तू उंबऱ्यापाशी, भाऊजींचा फेटा तिरपा. तो आपण बेचाळीस वर्षं पाहतोय आणि तुझ्या चेहऱ्याशिवाय काही पाहिलं नाही. श्रुती म्हणाली, "आजी, माप तर तिच्या डावीकडे आहे. पार चौकटीला चिकटून. उजव्या पायाने करायला गेली असती तर पडली असती." खरंच. उजवीकडे समई, मधे तुझा शालू. आणि मापाजवळ एक हात आहे, नुकताच मागे घेतलेला. चेहरा फोटोत नाही. नुसता हात, पाटल्या घातलेला.

"हा कोणाचा?"

मी म्हटलं, लग्नाचं घर, शंभर हात असतात, कसं सांगू.

तिने वहीत लिहिलं, "माहीत नाही." मॅडम म्हणतात, माहीत नसेल तर तसं लिहायला लाजायचं नाही. वही जेवणाच्या टेबलावर पडून असायची. चार दिवस मी ते "माहीत नाही" बघत जेवले.

सीमंतिनी, त्या पाटल्या आत्ताही माझ्या हातात आहेत. लिहिताना कागदाला लागतात.

समईने तुझा पदर पेटेल म्हणून मी माप डावीकडे सरकवलं. तेव्हा मनात वाईट काही नव्हतं. वाईट नंतर आलं. मामंजी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं होतं, माप ठेवलं कोणी? तू मान खाली घालून बसली होतीस. मी तिथेच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या होता. मी बोलले नाही. त्याआधी चार वर्षं घरात जे बिघडे ते माझ्या पायाने बिघडे. त्या दिवशी बोट माझ्यावरून उचललं आणि तुझ्याकडे गेलं. मला हलकं वाटलं. हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी श्रुतीला सांगितलं. वाटलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. तिने माझ्या पाटल्या हाताने फिरवल्या. म्हणाली, मला दिसलं होतं. मग म्हणाली, "मॅडमचा नियम आहे, आजी. चूक सापडली की पहिले त्याला सांगायचं ज्याला लागली. वर्गात बाद में." काल सगळ्या मुलांनी आपापलं वाचलं, हिची वही बंदच होती. मॅडम म्हणाल्या, थांबू दे. आता तू तिकडून हो म्हणालीस तर श्रुती वाचेल, नाही तर नाही.

काल तास सुटल्यावर मी शाळेत जाऊन आले, तिळाचे लाडू घेऊन. मॅडम अगदी तरुण आहेत, निधीहून लहान. म्हटलं, तुम्ही नातीला शिकवलंत आणि मी मागच्या बाकावर फुकटात शिकले. त्या पाया पडायला वाकल्या तर मीच मागे सरले. म्हटलं, आज नको, अजून एक पत्र लिहायचं आहे.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुला आधीच आम्ही बरंच करायला लावलंय. एवढंच लिहिते की तुझा पाय चुकला नव्हता. तिथे दुसरा पाय पोचलाच नसता.

हेमांगी येईल तेव्हा माप कोणी ठेवायचं, यावर निधीशी बोलले. म्हटलं, मी आणि सीमंतिनी, दोघींच्या कपाळी कुंकू नाही, बायका काय म्हणतील. निधीने तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला, कशावरून? तेव्हा आपण दोघी मिळून ठेवू. बरोबर मधोमध, समई लांब.

चार दिवस आधी ये. मागचं दार उघडं ठेवीन, तुझ्यावर बळजबरी नाही. पण मी पुढच्या दारात उभी असेन. बावीसच पावलं आहेत.

फोटोतला तो हात जिचा,
ती तुझी ताई,
वनमाला