एआयच्या मदतीने दूध संघाचा नकाशा

३ मार्च २०२५, सोमवार. सांगली ऑफिस.
आजपासून रोजनिशी. दूध संघाच्या इतिहासात आजच्या दिवसाची नोंद राहिली पाहिजे.

अध्यक्ष बाळासो आबा सेमिनारहून एक शब्द घेऊन आलेत: एंटरप्राइझ आर्किटेक्चर. मला बोलावून म्हणाले, चौगुले, तुमी कॉम्प्युटर विभागाचं प्रमुख, हे काय असतंय वो? मी ताबडतोब सांगितलं. नंतर खुर्चीवर येऊन एआयला विचारलं. मी सांगितलं होतं तेच निघालं, फक्त उलट.

सोप्या भाषेत: संघात कुठलं काम कुठल्या कॉम्प्युटरवर, कुठल्या वहीत, कोण करतं, याचा एक नकाशा. तीन वर्षांनी ते कसं चालावं, याचा दुसरा. २५ एप्रिलच्या संचालक मीटिंगमध्ये दोन्ही मांडायचे. डेप्युटी जनरल मॅनेजरची जागा रिकामी आहे. कोणाला मिळणार हे उघड आहे. टँकर विभागाच्या नानासोंचाही तिच्यावर डोळा आहे. असू दे. त्यांना पीडीएफ उघडत नाही.

संकल्प: बावन्न दूध संकलन सेंटरना स्वतः भेट. एआयवर आंधळा विश्वास नाही.

५ मार्च.
पहिली भेट कवठे महांकाळकडचं सेंटर. दुपारी एकला पोचलो. कुलूप. दूध फक्त सकाळी आणि संध्याकाळी येतं, हे मला कोणी आधी कळवलं नाही. संघात समन्वयाचा अभाव. नकाशात घ्यायचा मुद्दा.

७ मार्च.
प्रत्यक्ष भेटी ही जुनी पद्धत. ऊनही फार आहे. सेंटरच्या ग्रुपवरचे दोन वर्षांचे मेसेज, वह्यांचे फोटो, पगारपत्रकातली पदांची यादी, सगळं एआयला दिलं. म्हटलं, काढ नकाशा. चार मिनिटं.

मी चहा संपवायच्या आत नकाशा तयार.

८ मार्च.
भयंकर शोध! आपल्या संघात आधीपासून एक अत्याधुनिक यंत्रणा आहे आणि कोणालाच पत्ता नाही.

बावन्न सेंटर रोज दोन्ही वेळा ग्रुपवरून दुधाचे आकडे 'आटपाडी सेंटर' या एका नंबरला पाठवतात. दहा मिनिटांत दुरुस्त आकडे आणि टँकर कुठं पाठवायचा त्याची यादी परत येते. गायीच्या दुधाला चुकून म्हशीच्या फॅटचा आकडा लागला, तर लगेच पकडला जातो. खरसुंडी सेंटरचं फॅट मोजायचं मशीन पावसाळ्यात जास्त दाखवतं, हेसुद्धा त्या यंत्रणेला पाठ आहे. एआयने तिला नाव दिलं: आटपाडी इंटेलिजंट डेटा हब. नकाशाच्या मधोमध निळा चौकोन. मला गहिवरून आलं.

फक्त दुपारी दीड ते दोन हब उत्तर देत नाही. एआयच्या मते नियोजित देखभाल. आपल्या संघात असली शिस्त!

खाली बारीक अक्षरात एआयने लिहिलं होतं, 'हे अनुमान आहे, कृपया प्रत्यक्ष खात्री करावी.' ती ओळ लेआउटमध्ये बसत नव्हती. काढली.

१८ मार्च.
आज दुसरा नकाशा, तीन वर्षांनंतरचा. एआयने एक पद अनावश्यक काढलं: जीनत मुलाणी, डेटा ऑपरेटर, आटपाडी. अकरा वर्षं नोकरी. कारण स्पष्ट आहे. जे काम हब करतं तेच काम, त्याच जागी, त्याच वेळेला या बाई करतात. म्हणजे दुहेरी काम. अकरा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, आश्चर्य आहे.

वाईट वाटलं. पण निर्णय एआयचा, मी फक्त टिक केली.

३१ मार्च.
हबकडून सकाळी एकदा यादी आली, मग दिवसभर शुकशुकाट. वार्षिक अपग्रेड असणार. नानासोंना तसं सांगितलं. ते म्हणाले, आवं चौगुले, आज ईद हाय की. हबचा आणि ईदचा काय संबंध? या माणसाशी तांत्रिक विषय बोलायचा नाही, असं ठरवलं.

९ एप्रिल. सातारा.
'ग्रामीण सहकारात एआय' या परिसंवादात माझं भाषण. हब दाखवला. टाळ्या. मेढ्याकडच्या एका संस्थेचे सेक्रेटरी उठून म्हणाले, लय झ्याक काम केलंसा, पण ते हब चालतंय कशावर? मी म्हणालो, सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही. पुन्हा टाळ्या. मग ते म्हणाले, आमी येतो बगायला. मी म्हणालो, सुरक्षेच्या कारणास्तव तेही नाही. या वेळी टाळ्या कमी.

घरी आल्यावर स्वप्नालीने विचारलं, तुम्ही तरी बघितलाय का? म्हटलं, वीज डोळ्यांना दिसते का? ती म्हणाली, विजेचं बिल येतं, या हबचं कुठाय? शाळेत गणित शिकवणाऱ्या बायकोशी बोलताना माणसानं जपून बोलावं.

संकल्प: मीटिंगआधी एकदा आटपाडीला जायचं. नक्की.

२४ एप्रिल.
आटपाडीला जाणं जमलं नाही. कलर प्रिंट काढायच्या होत्या. निळा रंग जांभळा येत होता.

२५ एप्रिल.
ऐतिहासिक दिवस! आबांनी नकाशा उलटा धरून बघितला, मग सुलटा. म्हणाले, मला काय बी कळलं न्हाई, म्हंजी बराबर असणार. ठराव मंजूर. जीनत मुलाणींना महिनाअखेर कार्यमुक्त करायचं, हबला पूर्ण अधिकार द्यायचे.

नानासो एकटे उठले. त्या पोरीला काढताय, मग टँकर कुठं धाडायचा त्ये मला कोण सांगणार? बदल म्हटला की जुनी माणसं बिथरतात. मी शांतपणे निळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

माझ्या पदाचा विषय पुढच्या मीटिंगला. आबांनी पाठीवर थाप मारली, म्हणजे झालंच.

२ मे, सकाळी ९.
कालपासून हब शांत. एक मे असल्याने असेल.

२ मे, ११.
अजून शांत. 'आटपाडी सेंटर'ला मेसेज टाकला: हब स्टेटस? उत्तर नाही. एआयला विचारलं. कनेक्टिव्हिटी तपासा, म्हणाला. माझ्या मोबाईलचं नेट तपासलं. उत्तम आहे.

३ मे.
यादी नाही, म्हणून प्रत्येक ड्रायव्हर मनाला येईल तिकडे गेला. विट्याजवळच्या एका सेंटरवर चार टँकर. कवठे महांकाळच्या बाजूला एकही नाही. उन्हात नऊ हजार लिटर दूध नासलं. त्यातलं तीन हजार आबांच्या गावचं. गावकऱ्यांनी नासक्या दुधाचे कॅन टेम्पोत घालून आमच्या ऑफिसच्या पायरीवर आणून ठेवले. वास अजून नाकात आहे.

आबा फोनवर एवढंच म्हणाले, चौगुले, जावा आनि त्ये तुमचं हब घिऊन या.

५ मे. आटपाडी.
पोचलो. सेंटरची मागची खोली. एक टेबल, एक टेबलफॅन, अकरा वर्षांच्या आखीव वह्या. ड्रॉवरमध्ये संघाचा मोबाईल, बंद. खोलीचा फोटो काढून एआयला पाठवला आणि विचारलं, यात सर्व्हर कुठला? म्हणाला, फोटोत एक टेबलफॅन दिसतो आहे.

जीनत मुलाणींना घरून बोलावलं. पासवर्ड मागितला. त्या म्हणाल्या, पासवर्ड कसला साहेब, हितं कवा काय सिस्टीम नव्हती. सेंटरवाले आकडे टाकत्यात, मी बगते, चुकलं वाटलं तर फोन लावते. कुणाची म्हस आटली, कुणाच्या गाईला वासरू झालं, ध्यानात असतंय. दुपारी अर्धा तास नमाज आनि जेवान.

मग म्हणाल्या, मला काढायच्या आधी एक फोन केला असता तर सांगितलं असतं की.

मला लाज वाटली. खरी, पोटातून. दोन महिने मी या बाईंच्या कामाचं कौतुक करत साताऱ्यापर्यंत फिरलो आणि त्याच कामावरून त्यांना काढलं. त्यांना सांगितलं की एआयने तुमच्याबद्दल फार चांगलं लिहिलं आहे.

९ मे.
तातडीची मीटिंग. एआयला खरी माहिती देऊन नकाशा दुरुस्त करून घेतला. तो दिलगीर आहे म्हणाला. मी तसं म्हणालो नाही, पण नकाशा मीच मांडला, त्यातच सगळं आलं. निळ्या चौकोनात आता जीनत मुलाणी.

त्यांना परत या म्हणून आबांनी स्वतः फोन केला, स्पीकरवर. त्या म्हणाल्या, येते, आबा. इनचार्ज म्हणून येते. आनि हाताखाली ह्या साहेबास्नी द्या. त्यास्नी एकदा दूध बगू द्या.

संचालक हसले. सगळ्यात जास्त नानासो. ते आता डेप्युटी जनरल मॅनेजर आहेत. पीडीएफ अजून उघडत नाही.

१२ मे. आटपाडी.
रुजू झालो. याला बदली म्हणत नाहीत, फील्ड इमर्शन म्हणतात. मोठ्या कंपन्यांत वरच्या माणसांना मुद्दाम पाठवतात. स्वप्नालीला असं सांगितलं. तिने डबा भरून दिला.

संकल्प: पंधरा दिवसांत सेंटरची सगळी सूत्रं हाती.

१९ मे.
जीनत मॅडमनी आकडे लिहायला दिले. सातपैकी पाच चुकले. तीन गायींना मी म्हशीचं फॅट दिलं. मॅडम रागावल्या नाहीत. वही हळूच काढून घेतली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० मे, सकाळी ७.
आजपासून माझ्याकडे फक्त कॅन मोजण्याची जबाबदारी. पायाभूत काम आहे, सगळा डेटा इथूनच सुरू होतो. दोनदा मोजले. चोवीस.

मॅडम म्हणाल्या, पंचवीस. तिसऱ्यांदा मोजले, चोवीसच. त्यांना तसं ठामपणे कळवलं.

त्या म्हणाल्या, साहेब, जरा उठा. तुमी बसलाय त्यो बी मोजा.