भाजीच्या टोपलीतले कंद

बाबा, धाकटीने घरात झाडं आणली आहेत. ठाण्याला तिचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर, खिडक्या कायम बंद, आणि हॉलभर तुमचीच सगळी मंडळी: क्रोटन, कोलियस, अ‍ॅग्लोनेमा, आणि टीव्हीशेजारी पांढऱ्या कुंडीत लाल शिरांचं कॅलेडियम. पानांना दमट हवा मिळावी म्हणून तिने एक यंत्र घेतलंय, ते दिवसभर फुसफुसत असतं. एवढ्या पैशांत आमच्या वेळी कपाट आलं असतं, असं मी म्हणाले तर रुसली. दिवाळीनंतर एके दिवशी तिचा फोन आला, आवाज अगदी रडवेला. कॅलेडियमची पानं एकेक करून लोळली, ती रोज पाणी घालतेय, खत घालतेय, तरी माना टाकतायत. "मेलं गं ताई हे," म्हणाली. मी पटकन बोलून गेले, मेलं नाही, झोपलंय. पाणी बंद कर आणि कंद काढून कोरडा ठेव. तुला काय माहीत, तिने विचारलं. कुठेतरी वाचलंय, असं सांगून मी फोन ठेवला. आता बावन्न वर्षांची झाले मी, आणि तुमचं नाव घ्यायचं टाळायला अजून अशी थाप मारते.

धाकटीला आपल्या घरातली झाडं आठवत नाहीत. कशी आठवणार, सात वर्षांची होती. मला मात्र कोपरचं ते घर झाडांसकटच आठवतं. दुसरा मजला, खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, ऊन म्हणून नाही. रंगीत पानांना उजेड मिळाला नाही की ती हिरवी पडतात, लाजच सोडतात मेली, असं तुम्ही म्हणायचात. म्हणून आईच्या कपाटाचा तडकलेला आरसा तुम्ही खिडकीच्या गजांना बांधलात, वरून येणारा तिरपा उजेड त्यावर पडून हॉलमध्ये यायचा. दर तासाला तो सरकायचा, आणि सुट्टीच्या दिवशी तुम्ही त्याच्यामागे कुंड्या सरकवत फिरायचात. मोहने गावातल्या कारखान्यातून येताना उल्हास नदीकाठचे गोटे पिशवीतून आणायचात, ते ताटलीत पसरून, पाणी ओतून, वर कुंड्या ठेवायच्या. कोलियसचे शेंडे खुडायचे, क्रोटनची जागा उगाच बदलायची नाही, नाहीतर तो रागाने सगळी पानं गाळतो. रविवारी आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा ओला करून एकेक पान पुसायचं, खालून हात धरून. आई कुरकुरायची, मच्छर होतात, लादी खराब होते. पण पाहुणे आले की पहिला विषय तीच काढायची, आमच्याकडे फुलाशिवाय रंग बघा म्हणून. कारखान्यात तुम्हाला कोणी साहेब म्हणत नव्हतं. घरात मात्र त्या चौदा कुंड्यांपुढे तुमचा रुबाब असायचा.

थंडीत कॅलेडियमची पानं गेली की तुम्ही कंद उकरून काढायचात. माती झटकायची, दोन दिवस सावलीत सुकवायचे, चुलीची राख कुठून तरी मिळवून ती चोळायची, आणि बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात कोरड्या रेतीत पुरून डबा माळ्यावर. एका वर्षी मला दया आली म्हणून मी त्या रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीत गुपचूप पाणी घालत राहिले आणि कंद कुजले. तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा आणि शेवटचं रागावलात. आवाज न चढवता. झोपलेल्याला उठवू नये, एवढंच म्हणालात, आणि मला तो कुजका कंद हातात धरायला लावलात. वास अजून आठवतो.

आता डब्याचं. मी अकरावीला होते. गॅदरिंगच्या तालमी चालल्या होत्या, आम्ही मुली घरून काहीतरी खायला न्यायचो. आई आठवडाभर मामाकडे गेलेली, जाताना पोह्यांचा चिवडा करून ठेवलेला, आणि घरातल्या एकाही डब्याचं झाकण धड नव्हतं. घट्ट झाकणाचा डबा एकच. तुम्ही पहिल्या पाळीला गेलेलात. मी स्टुलावर चढून डबा काढला, रेती मोरीच्या कोपऱ्यात ओतली, आणि कंद कुठे ठेवायचे म्हणून ओट्याखालच्या टोपलीत टाकले, कांदे-बटाट्यांवर. संध्याकाळी पिशवीत बांधून परत माळ्यावर ठेवीन असं मनाशी ठरवलं होतं, बाबा, खरंच. मग डबा घासला, पुसला, चिवडा भरला आणि गेले. मैत्रिणींनी डब्याचं कौतुक केलं. संध्याकाळी माझ्या डोक्यात नाचाची स्टेप होती. दुसऱ्या दिवशी पण तीच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई मामाकडून परत आली. धाकटीची दुपारची शाळा, साडेअकराला तिला जेवायला वाढायचं. आईने टोपलीत हात घातला आणि तिला वाटलं तुम्ही अळकुड्या आणल्यात. दिसतातच तशा, त्यात राख चोळलेल्या. सोलताना हात खाजले, पण अळकुडीला खाजतातच. तिने चिंच जरा जास्त घातली आणि रस्सा केला. धाकटीने पहिलाच घास घेतला असेल. मी आतल्या खोलीत वेणी घालत होते. ती ओरडली ते ऐकून मी बाहेर आले तर ती दोन्ही हातांनी स्वतःची जीभ ओढत होती. ओठ बघता बघता सुजले, लाळ थांबेना, मग आवाजच बंद झाला. आईने रस्सा स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला आणि थुंकली. तेव्हा मला कळलं. टोपलीकडे बघायचीही गरज पडली नाही. रिक्षात आई तिला मांडीवर घेऊन सारखी विचारत होती, मी काय घातलं त्यात, काय घातलं. मी शेजारी बसलेले. मी काय बोलले माहीत आहे? मी रिक्षावाल्याला म्हणाले, भैया, जल्दी चलाओ.

दवाखान्यात तुम्ही कामावरच्या कपड्यांत आलात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही अळकुडी नव्हे, शोभेच्या झाडाचा कंद असावा, पण घशाची सूज उतरतेय, दोन दिवस ठेवू. आई बाकावर बसलेली, तिची जीभही जड झालेली, आणि तिने तुम्हाला एकच विचारलं, ते भाजीच्या टोपलीत कोणी ठेवले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एक क्षणच. मी भिंतीकडे बघितलं. "मीच ठेवले," तुम्ही म्हणालात. "घाईत होतो." मग आई जे बोलली ते दवाखान्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. पोटच्या पोरीपेक्षा पानं मोठी झाली, माझ्या हातून माझ्या लेकराला विष घालायला लावलंत. तुम्ही ऐकून घेतलंत. संध्याकाळी धाकटीचे कपडे न्यायला आपण दोघं घरी आलो. टेबलावर निळा डबा होता. तुम्ही झाकण काढलंत, चिवड्याकडे बघितलंत, झाकण पुन्हा नीट दाबून बसवलंत आणि विचारलंत, "जेवलीस का?" मी नाही म्हणाले. तुम्ही भात लावलात. आपण दोघं जेवलो, आणि मी एक शब्द बोलले नाही.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही चौदाही कुंड्या खाली नेल्यात. आईची अट होती, घरात ती राहील नाहीतर ही. जवळच्या शाळेत काही दिल्यात, काही शेजाऱ्यांनी नेल्या, कॅलेडियमचे उरलेले कंद कोणी घेतलेच नाहीत. आरसा सोडलात तेव्हा हॉल इतका काळोखा झाला की आईनेच दुपारी दिवा लावला. पुढे तेवीस वर्षं तुम्ही त्या घरात होतात आणि एक तुळससुद्धा स्वतःच्या हाताने लावली नाहीत. मी नोकरीला लागल्यावर एकदा विचारलं होतं, बाबा, एखादी कुंडी आणू का. नको, तुझ्या आईला त्रास होतो, म्हणालात. मला वाटलं होतं तुम्ही आता तरी म्हणाल, सांग तिला. तुम्ही म्हणाला नाहीत, आणि मी तेच कारण धरून बसले, की त्यांनाच नकोय तर आपण कशाला उकरायचं. सोयीचं होतं ना मला. एकदा ऑफिसमधून येताना मी तुम्हाला कल्याण रोडवरच्या नर्सरीपाशी बघितलं. फाटकाबाहेर उभे होतात, हात मागे बांधून. आतला माणूस या या म्हणत होता आणि तुम्ही मान हलवत होतात. मी रस्त्याच्या पलीकडे होते. मी पलीकडेच राहिले, तुम्ही घराकडे वळेपर्यंत.

तुम्ही गेलात त्यालाही आता तेरा वर्षं झाली. मला वाटलं होतं तुमच्याबरोबर तेही संपलं. पण गेल्या रविवारी आईला घेऊन धाकटीकडे गेले, आणि आईने ते कॅलेडियम बघितलं. कोरड्या कंदाला फेब्रुवारीत कोंब आला म्हणून धाकटीने कौतुकाने कुंडीत लावलेलं, दोन पानं फुटलेली. आई दारातच थबकली. हे फेकून दे, म्हणाली. मग सोफ्यावर बसून धाकटीच्या मुलीला सगळी गोष्ट सांगितली, तुझ्या आजोबांनी तुझ्या आईला कसं मरणाच्या दारात नेलं. आणि धाकटी हसून म्हणाली, "बाबा ना, वेंधळेच होते गं." नात पण हसली. बाबा, तुम्ही वेंधळे? पत्र्याच्या डब्यात रेती चाळून घालणारे तुम्ही? माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि कोणावर, तर स्वतःवरच.

मी आईच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ती मेथी निवडायला बसली होती, मीही बसले, आणि सांगून टाकलं. डबा मी काढला, कंद मी टोपलीत टाकले, बाबांनी नाही. छत्तीस वर्षं तोंडात धरलेलं दोन वाक्यांत संपलं. आईचे हात थांबले नाहीत. सत्त्याहत्तर वर्षांची आहे, पण कान शाबूत आहेत, तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "गेलेल्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटते, मला कळतं. पण ते स्वतः म्हणाले होते, मीच ठेवले. तुझे बाबा आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाहीत." मी म्हणाले, आई, अगं तेव्हा बोलले, माझ्यासाठी बोलले. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तुमच्यावर काहीतरी घाणेरडा आरोप केलाय. त्यांचं नाव खराब करू नकोस, म्हणाली, आणि ती जुडी दे इकडे. मी जुडी दिली.

बाहेर धाकटी होती, दहा पावलांवर. तिच्याकडे जाऊन सांगायचं होतं, ती मानेल, तिच्या मुलीलाही कळेल. गेले नाही. मग घरी येऊन चार दिवस हे लिहीत बसले. तुमचा आता पत्ता नाही, पण तिचा नंबर आहे. आज सकाळी सगळ्या पानांचे फोटो काढले, तिच्या नावावर गेले, फोटो निवडले, आणि फोन पालथा घालून ठेवला. बाबा, तुम्हाला म्हणून सांगते: त्या स्वयंपाकघरात आईने माझं खरं मानलं नाही, तेव्हा मला हायसं वाटलं.