येते म्हणजे जाते

३ मार्च, सोमवार
आजपासून मी रोजनिशी लिहिणार. हसू नका. अक्षराशी माझी कधी ओळख झाली नाही, पण नातीने फोन समोर ठेवून दिलाय. मी बोलते, तो लिहितो. तारीखही तोच घालतो. कानावर पडेल ते सगळं लिहितो म्हणे. म्हणजे आमच्या मांडवीच्या जुन्या घरच्या शेजारणींपेक्षा बराच म्हणायचा, पदरचं काही घालत नाही.

काल हरणीच्या या घरी आले. छान उजेड आहे. विमान वरून गेलं की फडताळातल्या वाट्या थरथरतात, तेवढीच सोबत. मागच्या अंगणात तुळशीच्या जागी लोखंडी नळी उभी. जुनी बोअर. ईशानीने हे घर भाड्याने घेतलं ते या नळीसाठी, आजीसाठी नव्हे.

तिचं संशोधन मला कळलं ते असं. खोल जमिनीत चिकणमातीचा जाड थर आहे, त्याखाली पाणी कोंडलंय. वरून ओझं, बाहेर पडायला वाट नाही, म्हणून दाब वाढत राहतो. त्याला ती अतिदाब म्हणते. मी म्हटलं, सासूबाईंच्या घरात चाळीस वर्षं मी अशीच होते, माझ्यावर कुणी पीएचडी केली नाही. दमलेली होती पोरगी, तरी हसली.

नळीच्या तोंडावर बोल्टांनी आवळलेलं झाकण, त्यावर घड्याळासारखं मीटर. मला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून तिने काचेवर माझ्या पाकिटातल्या टिकल्या चिकटवल्या. हे गेल्यापासून तशाच पडून होत्या. काटा हिरव्या टिकलीवर म्हणजे ठीक, लाल टिकलीवर गेला की तिला फोन करायचा. नळीला टिकली लागली, मी बिनटिकलीची. चालायचंच.

आता ती वाघोडियाच्या बोअरवर निघाली. येते, आजी. ये गं, सावकाश जा. अरे, हेही लिहिलंस का मेल्या?

६ मार्च, गुरुवार
काटा हिरवीच्या थोडा पुढे. ईशानीला सांगितलं, ती म्हणाली उत्तम. वीस तारखेला झाकण काढून आत यंत्र सोडायचंय, तोवर दाब वाढलेला बराच.

सकाळी ती उंबऱ्यात ताटकळत उभी होती, मी "ये" म्हणेपर्यंत. लहानपणापासूनची सवय, मीच लावलेली. हे शेवटचे घरातून निघाले तेव्हा चहावरून आमचं वाजलं होतं. "येतो" म्हणाले. मी पोळी लाटत पाठ करून उभी, "या" म्हटलं नाही. न्यायमंदिराच्या चौकात छातीत कळ आली, तिथेच गेले. तेव्हापासून मी कुणालाही "ये" म्हटल्याशिवाय जाऊ देत नाही, दूधवाल्यालासुद्धा. पोरं हसतात. हसू देत.

दुपार झाली. गुडघे दुखतायत. जरा पडते.
येते, आजी.
ये गं.
ही अजून घरातच होती होय?

१० मार्च, सोमवार
मोरीजवळच्या फरशीखालून पोकळ आवाज येतो. पाय ठेवला तर कोमट लागते. बेसिनचा नळ बंद असून फुरफुरतो.

ईशानी परवा रात्रभर आकडे मांडत बसली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. मी म्हटलं, बये, पाणी लाख वर्षं थांबलंय, तू एक दिवस झोप. ती म्हणाली पाणी थांबेल, गाइड थांबत नाहीत.

येते, आजी.
ये बाई, ये.
काय पोरगी आहे, सकाळपासून तीनदा निघते. चप्पल वाजत नाही हिची.

काटा दोन टिकल्यांच्या मधोमध.

१३ मार्च, गुरुवार
आज शेजारच्या नीराबेन आल्या. म्हटलं, वाचून दाखवा जरा, मी काय दिवे लावलेत ते बघू. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. ये-ते. ये-ते. "बा, आ येते एटले शुं?" विचारलं. मी म्हटलं, येते म्हणजे जाते. मराठी बाई निघताना जाते म्हणत नाही. त्या खूप हसल्या. मग आवताण आणि निरोप एकच का, म्हणाल्या. मीही हसले.

मग सहज म्हणाल्या, सहा तारखेला दुपारी ईशानी इथे कुठली? सकाळी मीच तिला रिक्षात बसताना पाहिलं. सोमवारी तर ती पहाटेच गेली.

चहा तसाच राहिला माझा.

१५ मार्च, शनिवार
ईशानीला सांगितलं. ती चिडली नाही, चिडायला अंगात जोर लागतो. म्हणाली, नळीत हवा अडकते, सुटताना आवाज होतो, फोन त्याचे शब्द करतो. मी विचारलं, हवा मला आजी कशी म्हणते? ती जेवता जेवता झोपली.

मी हिशोब लावलाय. प्रत्येक वेळी मी "ये" म्हटल्यावर काटा सरकलाय. म्हणजे मी तिला — त्याला — जे काय आहे त्याला बोलवत होते. रोज. प्रेमाने.

येते, आजी.

 तोंडावर पदर धरून बसले.

१८ मार्च, मंगळवार
आता ऐकलं की ओठ चावते. फरशा आपोआप वर उचलल्या गेल्यात. दोन फुटल्या. खालून पाणी नाही येत, नुसती ऊब.

पण सकाळी ईशानी निघाली तेव्हाही शब्द फुटला नाही. ती उंबऱ्यात थांबली, वाट पाहिली. मग तशीच गेली. दिवसभर माझा जीव — संध्याकाळी परत आली तेव्हा रडले. काय सांगणार तिला?

"जा" म्हणून पाहावं म्हटलं. जीभ वळत नाही.

१९ मार्च
काटा लाल टिकलीवर. आधी दिलेली बोलावणीच पुरली असतील. फोन केला. ती म्हणाली, छान, उद्याच काढू. मी म्हटलं, नको काढूस. म्हणाली, आजी, तीन वर्षं घातलीत मी.
टिकली काचेवरून घसरतेय. मी लावते, ती घसरते.

२० मार्च, सकाळ
ईशानी पाना घेऊन मागच्या दारात. "येते, आजी" म्हणाली.
मी गप्प.
ती थांबली. बघतेय माझ्याकडे.
येते, आजी. हे बेसिनमधून. तोच आवाज. तोही थांबलाय.
एकीला म्हटलं तर दोघींना —
गेली. न ऐकताच गेली. यांच्यासारखी.

पहिला बोल्ट सुटला. फरशी हलतेय.
दुसरा. काटा दिसत नाही, काचच —
ईशानी. वाकू नकोस त्यावर. ऐकत नाही. पाय उचलत नाहीत माझे —
शेवटचा —
ईशानी, सोड ते, मागे ये. बाळा, ये. ये!
आले, आजी.
कोण — ईशानी तर अजून तिथेच उभी —
आले, आ