चौथ्या मजल्यापर्यंत न पोचलेली मांडी

तीर्थरूप रादिसावदादास,

धाकट्या तिहोमिरचा वाकून नमस्कार. (वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, पण कागदावर चालावं.) तुझा खोकला, वहिनींचे गुडघे आणि डोंगरावरची डुकरं ठीक असतील. आपल्या घराण्याच्या संताच्या सणासाठी, स्लावासाठी, तू पाठवलेली धुरावर वाळवलेली डुकराची मांडी त्या दिवशी पानात पडलीच नाही, हे आमच्या हिनं, स्तामेनानं, तुला फोनवर सांगितलंच आहे. पण तिला मूळ कारणापासून सांगायची सवय नाही, म्हणून मी सांगतो.

मूळ कारण हर्निया. कारखान्यात तारेची रिळं उचलून उचलून झाला. (उजवीकडे. डॉक्टरांच्या आधी मीच ओळखला. शरीरशास्त्र मी स्वतः वाचलं आहे, फक्त दुसरा खंड मिळाला नाही.) आमचे करार तीन-तीन महिन्यांचे, आणि आजारी रजा घेणाऱ्याचा करार पुढे चालत नाही, म्हणून मी रिळं डाव्या अंगानं उचलू लागलो. तेही जमेना तेव्हा सरकारी इस्पितळात गेलो. डॉक्टर त्रिफुनोविच मान वर न करता म्हणाले, यादी मोठी आहे, पुढच्या वर्षी. दुपारी तेच डॉक्टर खाजगी दवाखान्यात भेटले. तिथे ते खुर्चीतून उठले, माझा हात हातात घेतला, स्तामेनाची चौकशी केली आणि म्हणाले, उद्या सकाळीच या. खर्च ऐकून मी म्हणालो, पुढच्या वर्षी.

स्तामेनाचं म्हणणं, सरकारी डॉक्टरकडे रिकाम्या हातानं कोण जातं? लोक निदान कॉफीचा पुडा नेतात. ही लाच नव्हे, रिवाज आहे. आणि पाळायचा तर नीट पाळावा, म्हणून मी मांडी कापली नाही, अख्खी, हाडासकट खांद्यावर घेतली. शस्त्रक्रियेचा विभाग चौथ्या मजल्यावर. लिफ्टची किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि लिफ्ट फक्त आडव्या रुग्णांसाठी. मी उभा होतो. तिसऱ्या मजल्यावर आडवा झालो.

मग मात्र लिफ्ट आली. अडकलेल्या हर्नियाला यादी नसते, दादा, तो तातडीचा. डॉक्टर धावत आले. (सकाळच्या वेळी त्यांना धावताना पाहणारा मी पहिलाच असेन.)

"हे काय उचलून आणलंत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच," मी म्हणालो, आणि भूल चढली.

शुद्धीवर आलो तेव्हा मांडी निम्मी उरली होती. डॉक्टर, परिचारिका, आमची अख्खी खोली, सगळ्यांनी तुझ्या धुराची तारीफ केली. दुसऱ्या दिवशी आमचा सुपरवायझर मिलेन्को आला. दोन काप खाल्ले, तोंड पुसलं आणि कारखान्याचं म्हणणं सांगितलं: दुखापत मांडीनं झाली, रिळांनी नाही, तेव्हा भरपाई मिळणार नाही. इतकी वर्षं उचललेली रिळं गेली कुठे, विचारलं, तर तिसरा काप उचलून निघून गेला.

यादीत अडकलेले कारखान्यातले सोबती मात्र रोज येतात. तब्येतीचं कोणी विचारत नाही. मांडीचं वजन विचारतात.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
तिहोमिर

ता. क. कराराचं अजून कळलं नाही. मिलेन्कोच्या हातात आहे म्हणतात. पण मी कोणाच्या दारात जाणारा माणूस नाही, हे तू जाणतोस.

ता. क. २ धुराड्यात आणखी एखादी मांडी असली तर पाठव. लहान चालेल. मिलेन्को तळमजल्यावर राहतो.