माजघरातल्या चित्रावरचा उजेड

आई, तू लाकडी फळीवर काढलेलं ते चित्र आता सावंतवाडीतल्या नव्या कलादालनाच्या भिंतीवर लागलंय. तुला विचारायची सोय नव्हती, म्हणून ते द्यायच्या आधी बाबांना विचारलं. ते पडवीत काजूच्या बिया वाळत घालत होते. "आईला आवडलं असतं का?" मी म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही. "ती नाय म्हणली असती," ते म्हणाले, आणि बियांवरून हात फिरवत राहिले. मग एक किडकी बी बाजूला टाकत, "पण आता माका ता उजेडात बघूचा आसा."

तू खेळणी रंगवायला बसायचीस ती मागल्या दारी, भात चुलीवर चढवून. सावंतवाडीतल्या कारखान्यातून कोऱ्या लाकडी फळांची टोपली घरी यायची. आंबे, केळी, सीताफळं, काजूचे बोंडू. मला अजून दिसतं, तू दाराच्या चौकटीला पाठ लावून बसली आहेस, गुडघ्यावर फडकं, पुढ्यात रंगाच्या करवंट्या, आणि आंब्याच्या देठाकडचा हिरवा पिवळ्यात विरवताना तू श्वास धरून ठेवतेस. मी हात पुढे करते. "थांब गो, ओला आसा," म्हणतेस आणि ब्रश न सोडता कोपरानेच मला मागे सारतेस. आतून भाताचा वास येत असतो. त्याच करवंट्यांत उरलेल्या रंगांतून एका पावसाळ्यात तू ते चित्र केलंस. तुझ्या माहेरचं, मसुऱ्याचं शेत, लावणी चाललेली, मागे माड. खेळण्यांना देतात तसाच वॉर्निशचा चकचकीत हात त्याला दिलास आणि नेऊन टांगलंस ते माजघरात, जिथे भर दुपारी दिव्याशिवाय सुई सापडायची नाही.

शेजारच्या काकी एकदा हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्यांना ते अंधारात दिसलंच नाही, म्हणून त्या गेल्यावर मी हट्ट धरला की चित्र बाहेर ओटीवर लावूया. "भायर कित्याक?" तू म्हणालीस. "येणारो-जाणारो इचारीत रवतलो." मी म्हटलं, विचारू दे की. "माका नको कोणी इचारलेला." इतक्या कडक आवाजात तू माझ्याशी क्वचितच बोलली असशील. तो विषय आपल्या घरात पुन्हा निघाला नाही. चुलीचा धूर त्या फळीवर बसत गेला. मी पुण्यात शिकत असताना तू गेलीस, तेव्हाही ती तिथेच होती. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं, पण माजघरात मान वर करून कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. मीही पाहिलं नाही.

मी पुढे काय शिकले ते तुला पुरतं सांगायचं राहिलंच. इमारत बांधायच्या आधी ती संगणकात उभी करायची आणि तिच्यात कुठे किती उजेड पडेल ते बघायचं, हे माझं काम. या कलादालनाचं बांधकाम जोत्यापर्यंतच आलं होतं, तेव्हा माझ्याकडे त्याच्या भिंती, छत, खिडक्या सगळं तयार होतं. दिवे बनवणारे प्रत्येक दिव्यासोबत एक फाइल देतात, त्या दिव्याचा झोत कसा पसरतो ते तिच्यात असतं. तो दिवा छताखाली ठेवायचा, चित्राकडे वळवायचा आणि संगणकाला हिशेब करायला सांगून थांबायचं. मग भिंत रंगांत उमटते, उजेड फार झाला तिथे लाल, कमी पडला तिथे निळी. पिंगुळीहून आलेली, गोष्ट सांगताना दाखवायची चित्रकथीची कागदी चित्रं सोपी गेली. त्यांना मंद उजेड लागतो आणि कागद चमकत नाही. तुझ्या वॉर्निशने मात्र माझा घाम काढला. पहिल्या खेपेला चित्रातल्या आभाळातच चमकेचा पांढरा डाग पडला. दिवा भिंतीजवळ घेतला, तर चौकटीची सावली माडांवर उतरली. लांब नेला, तर बघणाऱ्याच्या डोक्याचीच सावली लावणीवर. दिवा चार बोटं सरकवायचा, झोत आणखी निमुळता करायचा, पुन्हा थांबायचं. कित्येक दुपारी माझ्या तशाच गेल्या आणि खरं सांगू, मला घाई नव्हती. इतका वेळ तुझ्याजवळ बसायला मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

जुनी चित्रं साफ करून देणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी धुराचा थर उतरवून चित्राचा मोठा फोटो पाठवला, तोच मी संगणकातल्या भिंतीवर लावला होता. त्यात बांधावरून छत्री घेऊन चाललेला एक माणूस दिसला. मला वाटलं, असेल शेताचा मालक. माझं सगळं लक्ष भाताच्या हिरव्याकडे होतं. उजेड किती ते संगणक सांगतो, पण तो हिरवा तुझा आहे का, ते त्याला कुठून कळणार? म्हणून छत बांधून झाल्यावर मी नमुन्याचे दिवे आणि तुझी फळी घेऊन तिथे गेले. एका दिव्याखाली भात करपल्यासारखं दिसे, दुसऱ्याखाली पोपटाच्या पंखासारखं. तिसऱ्याखाली मला तुझी बोटं आठवली, आंघोळीनंतरही नखांच्या कडेला राहिलेला तो रंग. तोच दिवा ठरवला. बरोबर असेल ना गं? तू असतीस तर एका शब्दात सांगितलं असतंस.

कलादालन उघडायच्या आदल्या सकाळी बाबांना घेऊन गेले. धुतलेला सदरा, हातात काठी. चित्रकथीसमोरून ते सावकाश चालत आले आणि तुझ्या फळीपाशी थांबले. दिवा लागलेलाच होता. शेत, पाणी, बायकांच्या ओल्या पाठी, सगळं समोर होतं. ते पुढे वाकले. मला वाटलं पाय दुखतायत, म्हणून खुर्ची ओढायला गेले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"ह्यो मी," ते म्हणाले.

"कोण?"

"छत्रीवालो." मग ते बोलले ते माझ्याशी नव्हे, फळीशीच. "लग्न ठरायच्या आदी मी एकदा मसुऱ्याक गेल्लंय. कोणाक न सांगता. बांधावरसून चलत गेलंय, तिका लांबसून बघूक. ती लावणी करी होती, मान खाली. माका वाटला, तिणा बघूक नाय."

"तुम्ही तिला कधी सांगितलं नाहीत?"

"लाज वाटली." काठीवर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले. "तिणा बघलेल्यान. आणि माका कधी बोलूक नाय." त्यांचे डोळे भरले होते, पण ओठांवर हसू होतं, नव्या जावयासारखं. तुझ्याबद्दल बोलताना ते हसलेले मी कितीतरी वर्षांनी पाहिले. कुणी विचारू नये असं तुला का वाटायचं, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. आता ते रोज एकदा जाऊन येतो म्हणतात. रिक्षावाल्याला बाहेर थांबवून ठेवतात.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. बाकीची सगळी चित्रं एका उंचीवर आहेत, तुझं त्यांच्यापेक्षा वीतभर खाली. आर्किटेक्टनी का म्हणून विचारलं, तेव्हा मी त्यांना संगणकावर दाखवलं, ठेंगणं माणूस जवळ उभं राहिलं की वरच्या कडेला चमक येते, चित्र खाली घेतलं की जाते. ते खरंच आहे. लहान मुलं येतील, मी म्हटलं, आणि त्यांना पटलं. पण संगणकातल्या चित्रासमोर मी जे माणूस उभं केलं होतं, ते मूल नव्हतं. त्याला मी तुझी उंची दिली होती. काम संपलं, दिवे लागले, तरी मी त्याला तिथून अजून काढलेलं नाही.